वाकू नका म्हणालात, त्याला आठ वर्षं झाली

हाडांच्या डॉक्टरांना आणि एमआरआयचे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. वय ५१. माझी पाठ २०१७ पासून दुखते, हे लिहितानाही दुखते आहे. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी काही चमत्कार झाल्याची गोष्ट येणार आहे असं तुम्हाला वाटायला नको.

जून महिना होता. आमच्याकडे नळाला पहाटे साडेपाचला पाणी येतं. बादली उचलून मागल्या दाराच्या पायरीवर ठेवताना कमरेत चमक भरली. आधीही दोनतीनदा भरली होती आणि शेक, आयोडेक्सवर आठवड्याभरात उतरली होती. या खेपेला तीन आठवडे झाले तरी उतरेना, डाव्या पायात कळ जायला लागली, म्हणून तुमच्यापैकी एकांकडे गेले. एमआरआय झाला. दुसऱ्या दिवशी ते मोठं पाकीट मांडीवर घेऊन ओपीडीच्या बाकावर दीड तास बसले आणि तेवढ्यात रिपोर्ट सात वेळा वाचला. डिजनरेशन, डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थेकल सॅकवर दाब. कळलं काहीच नाही, भीती मात्र पुरेपूर वाटली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, “मॅडम, वय त्रेचाळीस, पण मणके साठीतले आहेत. मणक्यांमधली गादी सरकलीय. यापुढे वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, जड उचलायचं नाही.” मग गोळ्या, कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शनच्या, म्हणजे वजन लावून कंबर ताणण्याच्या, दहा बैठका लिहून दिल्या. बाहेर अजून तीस-चाळीस पेशंट ताटकळत होते. माझं काम चार मिनिटांत आटोपलं.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. औषध त्यांनी योग्यच दिलं असणार. पण गोळ्यांचा कोर्स दहा दिवसांत संपला आणि ते वाक्य मी पुढे तीन वर्षं घेत राहिले, रोज, उपाशीपोटी आणि जेवल्यावरही.

काय काय झालं ते सांगते, कारण पेशंट परत आला नाही की तो बरा झाला असं तुम्ही धरून चालत असाल. मी पंगतीत बसणं सोडलं. हळदीकुंकवाला गेले तरी सगळ्या सतरंजीवर आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आजारी पाहुणीसारखी. दारातली रांगोळी बंद झाली. भाचीचं बाळ पाच महिन्यांचं असताना ती माझ्या हातात द्यायला आली, तर मी दोन पावलं मागे सरले. एसटीत मागची सीट मिळाली तर गाडी सोडून द्यायची. घरात नवरा बादली उचलू देईना, मुलगा गॅस सिलिंडरजवळ फिरकू देईना. त्यांच्या मायेबद्दल तक्रार कशी करणार? पण तीही त्या पट्ट्यासारखीच होती. आधार देत होती आणि आवळतही होती.

वर्गातली गोष्ट मात्र माझ्या लक्षातही आली नव्हती. एक दिवस आठवीतल्या एका पोराने विचारलं, “बाई, तुम्ही फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात का लिहीत नाही?” तीन वर्षं माझा फळा खालून कोरा होता. गणित वरच्या अर्ध्यात मावलं नाही तर मी पुसून पुन्हा वर लिहायची. शेवटच्या बाकावरची मुलं मधल्या पायऱ्या हुकवत होती आणि मी त्यांना लक्ष नाही म्हणून ओरडत होते.

रात्रीचं तर विचारूच नका. तीनला जाग यायची. कूस बदलताना कळ आली की हिशोब सुरू. गादी आणखी सरकली असेल. नस दबली असेल. पाय लुळा पडला तर? नोकरी गेली तर? मुलाचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष आहे, फी कोण भरणार? कूस बदलण्यापासून फीपर्यंत पोचायला मला दोन मिनिटं लागत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या पाठीला माझ्याएवढा वैरी दुसरा नव्हता.

मध्यंतरी सासूबाईंनी एका पायाळू पोराला बोलावून आणलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने पाय लावला की उसण उतरते अशी आमच्याकडची समजूत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, पुरता लाजलेला. त्याने माझ्या कमरेला तीनदा पाय लावला, म्हणाला, “उतरली,” आणि चहा न घेता पळाला. उसण काही उतरली नाही. पण गंमत बघा, त्या रात्री मी सलग झोपले. शास्त्राच्या बाजूने बोलाल तर त्या पोराचं वाक्य शंभर टक्के खोटं आणि डॉक्टरांचं बव्हंशी खरं. झोप मात्र खोट्या वाक्याने लागली. मला खरंच वाक्य हवं आहे, पण ऐकून झोप लागेल असं. ते मिळू शकतं का, एवढ्यासाठी हे पत्र.

२०२० मध्ये, टाळेबंदीनंतर, एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. वय फार तर अठ्ठावीस. तिने माझं पाकीट उघडलंच नाही. आधी एक कागद दिला. त्यावर तेरा वाक्यं होती आणि दुखत असताना असा विचार किती येतो, त्याला शून्य ते चार गुण द्यायचे होते. ही प्रश्नावली मायकेल सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात १९९५ साली प्रसिद्ध केली, हे मागाहून कळलं. तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत असेल. वाक्यं तीन जातींची आहेत. एक, दुखणं मनात घोळवत राहणं, चंदन उगाळावं तसं. दुसरी, राईचा पर्वत करणं. तिसरी, आता आपल्या हातात काही उरलं नाही म्हणून हात टेकणं. एकूण गुण ५२. तीसच्या पुढे गेलं की काळजीचं मानतात. मला ३७ मिळाले. जास्त गुण मिळाल्याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग तिने विचारलं, “काकू, तुम्ही आत्ता वाकलात तर नेमकं काय होईल असं तुम्हाला वाटतं?”

हा प्रश्न तीन वर्षांत मला कोणीही विचारला नव्हता. मी सांगितलं, गादी बाहेर येईल आणि पाय जातील. ती हसली नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं. शेजारी लिहिलं, ‘असं होण्याची खात्री किती?’ मी म्हटलं, ऐंशी टक्के. मग तिने खडूचा रिकामा खोका स्टुलावर ठेवला आणि उचलायला सांगितलं. उचलला. दुखलं. पाय जागेवर होते. मग खोका आणखी खालच्या पाटावर गेला. दोन आठवड्यांनी जमिनीवर. गृहपाठ काय दिला असेल? फळ्याच्या खालच्या अर्ध्यात रोज एक उदाहरण लिहायचं.

यामागचा विचार काही गूढ नाही. योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०००च्या सुमारास तो नीट मांडला. दुखलं, की काही जणांच्या मनात लगेच अनर्थाचं चित्र उभं राहतं. त्या चित्राची भीती वाटते. भीतीपोटी हालचाल टळते, ती टळली की स्नायू कमजोर होतात, मन उदास होतं, लक्ष सतत पाठीवर खिळतं आणि मग थोडंही जास्त दुखतं. पुन्हा चित्र. ज्याच्या मनात ते चित्र उभं राहत नाही तो चार दिवस लंगडतो, कण्हतो आणि कामाला लागतो. दोघांचे एमआरआय अगदी सारखे असू शकतात.

आता एमआरआयचंच बघू, कारण इथे माझा विषय येतो. २०१५ साली ब्रिंजिकजी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत पाठ अजिबात दुखत नसलेली ३,११० माणसं होती. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली, ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६०. आमच्या शिक्षकांच्या खोलीत चाळीस ते पन्नास वयाचे वीस जण बसतात. त्रैराशिक मांडा. दहा-बारा जणांची गादी फुगलेली निघेल आणि ते आत्ता डबा खात हसतायत. झीज आणि दुखण्याचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही. तसा दावा संशोधकही करत नाहीत. पण “मणके साठीतले” हे वाक्य मला सांगताना “आणि तुमच्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांचे असेच असतात” हे दुसरं अर्धं वाक्य सांगायला किती सेकंद लागले असते? मी घड्याळ लावून पाहिलं. पाच.

तुमच्यातले काही जण मनाचा विषय काढतात, नाही असं नाही. पण कसा काढतात? “टेन्शन घेऊ नका.” किंवा नवऱ्याकडे बघून, “यांना जरा आराम द्या, मनाला लावून घेतात.” बाई समोर असताना नवऱ्याशी बोलणं हा आणखी वेगळ्या पत्राचा विषय. असं ऐकलं की पेशंटला वाटतं, माझं दुखणं खोटं ठरवलं. मग ती दुसरा डॉक्टर शोधते, जो सांगेल की नाही, खरंच काहीतरी मोडलंय, आणि तो सापडतोच. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तीत वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव म्हटला आहे. शरीराचा वाटा इतका, मनाचा तितका, अशी वाटणी केलेली नाही. १९९५ सालच्या एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला तो बांधकाम मजूर तुम्हाला आठवत असेल. बुटातून खिळा आरपार गेला, माणूस वेदनेने तळमळत होता, बूट काढल्यावर दिसलं की खिळा दोन बोटांच्या मधून गेलाय, ओरखडाही नाही. त्याची वेदना नाटकी होती असं कोण म्हणेल?

आता उलट बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंना सकारात्मक विचारांचं खूळ लागलंय.

माझे धाकटे दीर उसाची शेती करतात. त्यांची विचार करण्याची रीत माझ्या नेमकी उलट. दुखतंय तर दुखू दे, बसून कोण खाणार. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची, दोन गोळ्या टाकायच्या आणि पाण्याची पाळी द्यायला रात्री रानात. माझा धीर सुटायला लागला की घरात त्यांचं उदाहरण दिलं जायचं. २०१९च्या दिवाळीत त्यांचा डावा पाय जड पडला. त्यांनी दुर्लक्ष केलं. मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटायला लागलं, तेही कोणाला बोलले नाहीत. लघवी अडली तेव्हा माझी जाऊ रडत आमच्या दारात आली. रातोरात ऑपरेशन झालं. माणूस वाचला, शेती करतो, पण डावा पाय अजून ओढतो. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद उतरत जाणं, ताप, वजन घटणं, पूर्वीचा कॅन्सर किंवा टीबी, ही लक्षणं असली तर थांबायचं नसतं, हे आमच्या घराला त्या रात्री कळलं. माझ्या कागदावर ३७ गुण आले. त्यांना तो कागद दिला असता तर दोन आले असते. घाबरणारी आणि न घाबरणारा, दोघंही चुकीच्या ठिकाणी.

म्हणून मला कोणी “चांगला विचार करा” म्हटलं की अंगावर काटा येतो. शिवाय ऊसतोडीला आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तिच्या पाठीला विचारांची शैली शिकवायला जाणाऱ्याने आधी ती मोळी उचलून बघावी. तिचं दुखणं तिच्या कामात आहे, मजुरीत आहे आणि सुट्टी घेतली की कापल्या जाणाऱ्या पैशात आहे. माझी गोष्ट पगारी नोकरी असलेल्या बाईची आहे, हे मला ठाऊक आहे.

विचारांवर काम केल्याने किती फरक पडतो? अवाच्या सवा नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनी पाठदुखी असलेल्या ३४२ लोकांचे तीन गट केले होते. सव्वीस आठवड्यांनी, विचार तपासण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोकांच्या रोजच्या हालचालीत ठळक सुधारणा होती, ध्यानावर आधारित प्रशिक्षण घेतलेल्यांत सुमारे ६१ टक्के, आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत ४४. म्हणजे शंभरात चौदा ते सतरा माणसांचा फरक. दहावीच्या निकालात एवढा फरक पडला असता तर आम्ही फटाके वाजवले असते. (माझी एक मैत्रीण इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून आली. तिची कंबरही माझ्यासारखीच. ती म्हणाली, “दुखायचं ते दुखलंच गं, पण त्याची गोष्ट रचायची राहून गेली.” मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.)

शब्दांनी बिघडतं तसं सुधारतंही, हे मी एकटी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात टीव्हीवर पाठदुखीच्या जाहिराती दाखवल्या. सांगणं एवढंच, की झोपून राहू नका, हिंडते-फिरते राहा, शक्यतो कामावर जा. लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले आणि कामावर पाठ दुखावली म्हणून मागितलेल्या भरपाईचे दावे कमी झाले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये, जिथे जाहिराती नव्हत्या, तसं काही झालं नाही. आणि ज्या पट्ट्यात मी चौदा महिने काढले तो पट्टा आणि ते ट्रॅक्शन, दोन्ही जुन्या पाठदुखीला नेमाने देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मी तो पट्टा अजून टाकलेला नाही. मुलगा प्रवासात बॅगेला बांधतो.

तर मागणं काय? तुमच्याकडे वेळ नाही हे दिसतं. चाळीस पेशंटांमागे तुम्ही उभेच्या उभे असता, तुमच्यातल्या कितीकांच्या कमरेलाही पट्टे असतील. मी समुपदेशक नेमा म्हणत नाही. नेमलात तर उत्तमच. त्या मुलीने विचारला तो एक प्रश्न तुम्ही विचारा: वाकलात तर काय होईल असं वाटतं? उत्तर ऐकायला अर्धा मिनिट लागेल आणि कोणाला गोळी पुरे, कोणाला धीर हवा आणि कोणाला माझ्या दिरासारखं दटावून थांबवायला हवं, ते तेवढ्यात कळेल. “वाकायचं नाही” म्हणायचंच असेल तर पुढे तारीख घाला. किती दिवस? चार? चौदा? तारीख नसलेली बंदी आम्ही जन्मठेपेसारखी भोगतो.

आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. अमेरिकेत सुमारे अडीच लाख पेशंटांच्या रिपोर्टमध्ये एक मजकूर घालून पाहिला होता: दुखत नसलेल्या माणसांतही असे बदल किती आढळतात, वयानुसार आकड्यांसह. निकाल २०२० साली आला. एकूण उपचारांचं प्रमाण घटलं नाही, अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. निकाल असा फिका असूनही मी तेच मागते आहे, कारण त्यांनी तो मजकूर डॉक्टरांवर काय परिणाम करतो ते मोजलं. आमच्याकडे ते पाकीट आधी पेशंटच्या मांडीवर येतं. ओपीडीच्या बाकावर तो ते वाचतो, शेजारच्याला दाखवतो, घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो आणि दुबईचा मेव्हणा गुगल करून ऑपरेशनचा खर्च कळवतो. तुम्हाला वाटतं तुम्ही डॉक्टरला लिहिता. पहिला वाचक मी असते.

माझा २०१७ चा रिपोर्ट समोर आहे. घड्यांवर फाटलाय. ‘इम्प्रेशन’ या शब्दाखाली चार ओळी आहेत आणि त्यांच्याखाली सहीपर्यंत दोन बोटं जागा कोरी आहे. मी पट्टी लावून मोजलं, मराठीतली एक ओळ आरामात बसते: या वयात पाठ न दुखणाऱ्यांमध्येही असे बदल सर्रास दिसतात. मी ती पेन्सिलने लिहून पाहिली आहे. शाईने लिहायचा अधिकार तुमचा.

आपली,
फळा आता खालपर्यंत भरणारी एक गणिताची बाई